साखळी करवत

साखळी करवत : पोलादी साखळीच्या कड्यांवर दाते बसवून ती साखळी एका सपाट पट्टीभोवती एंजिनाच्या वा विद्युत् चलित्राच्या साहाय्याने वेगाने फिरविणारे, लाकूड कापण्याचे सुवाह्य यंत्र. उभे झाड पाडणे, पडलेल्या खोडाचे ओंडके करणे, फांद्या छाटणे, रस्त्यावर उन्मळून पडलेली झाडे दूर करणे इ. कामांसाठी हे यंत्र वापरतात. गवत व झुडपे कापण्याची, कुंपणाची वेल कातरण्याची व खड्डे घेण्याची लहान एंजिनावर चालणारी यंत्रे याच कुळातील होत. या यंत्राने लाकूडतोड्याचे दिवसभराचे काम काही मिनिटांवर आणले. त्यामुळे वने, वनमजूर आणि शहरांतील वृक्षराजी या तिन्हींच्या इतिहासात त्यास महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे.

जुनी हत्यारे : साखळी करवतीपूर्वी झाड पाडण्याचे मुख्य हत्यार कुऱ्हाड हे होते. कुऱ्हाडीने लाकूड कापले जात नाही, तर ढलप्यांच्या रूपाने उडविले जाते. त्यामुळे बुंध्याजवळचे सर्वांत जाड व मोलाचे लाकूड बरेचसे वाया जाते. शिवाय उभ्याने घाव घालणे सोयीचे असल्याने खुंट उंच राहतो. दोन माणसांनी आळीपाळीने ओढावयाच्या लांब करवतीने हे नुकसान कमी होते. तथापि अशा करवतीचे दाते कानसीने घासणे व ते एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकविणे हे कौशल्याचे काम असते. ओंडक्याच्या फळ्या पाडण्यासाठी तो खड्ड्यावर आडवा ठेवीत. एक माणूस वर व दुसरा खड्ड्यात उभा राहून उभी करवत ओढीत असे. खालच्या माणसाच्या डोळ्यांत व नाकातोंडात भुसा जाई. लाकूड चिरण्याच्या गिरण्या आल्यावर फळ्या पाडण्याचे काम वनातून वखारींकडे गेले. झाड पाडण्याचे काम मात्र त्यानंतरही दीर्घकाळ माणसाच्या मनगटावरच अवलंबून राहिले.

कुऱ्हाडीचा एक गुण मात्र नोंदण्यासारखा आहे. सागाच्या खुंटास पुन्हा धुमारे फुटतात. त्यासाठी खुंट जमिनीलगत, गुळगुळीत व उतरता कापावा लागतो, म्हणजे त्यावर पाणी साचून तो कुजत नाही. तसेच साल सोलवटून चालत नाही. धारदार कुऱ्हाड वापरणारा कुशल मजूर हे सहज साधतो. साखळी करवतीनेही ते साधता येते. पण बोथट साखळीने घाईने केलेला काप साल फाडतो आणि धुमाऱ्यांची हानी करतो.

नाशिक परिसरातील वनतोड : नाशिक शहरातील द्वारका हा चौक मुंबई–आग्रा व नाशिक–पुणे या दोन मार्गांचा सांधा होय. येथून गोदावरीकाठचे तपोवन जवळच आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या तालुक्यांचा सह्याद्रीचा पट्टा असून त्यात साग, ऐन, शिसव, हेद, कळंब, धावडा, खैर, मोह इ. वृक्ष आढळतात. त्यापलीकडे डांगचे जंगल लागते. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल हे येथील प्रमुख आदिवासी समाज होत. कुऱ्हाड व कोयता ही त्यांची घरातील नित्याची हत्यारे. घरासाठी वासे, चुलीसाठी सरपण आणि शेतात राबासाठी डहाळ्या एवढ्यापुरती त्यांची तोड असे.

व्यापारी तोडीस एकोणिसाव्या शतकात वेग आला. मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे बांधली जात. सागाच्या या गरजेपोटी १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगमधील भिल्ल राजांकडून तेथील जंगले पट्ट्याने घेतली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाला व १८६५ मध्ये थळ घाटातून गाडी वर आली. रुळांखाली प्रत्येक किमी. अंतरास हजारावर लाकडी स्लीपर लागत. १८६५ व १८७८ च्या वन अधिनियमांनी वनांवर सरकारी स्वामित्व प्रस्थापित केले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने तीच चौकट पुढे चालविली. जंगलाचे ‘कूप’ पाडून त्यांची तोड मक्तेदारांकडे लिलावाने देण्याची पद्धत रूढ झाली. ज्या कुऱ्हाडीने आदिवासी स्वतःसाठी लाकूड तोडी, तीच आता तो मक्तेदारासाठी चालवू लागला आणि स्वतःच्या गरजेसाठी तोडणे हा अपराध ठरला.

या मजुरांच्या स्थितीची पाहणी डी. सिमिंग्टन यांनी केली. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात मक्तेदारांकडून होणारी पिळवणूक व वेठ यांची नोंद आहे. ठाणे जिल्ह्यात १९४५ पासून गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो लढा दिला, त्यात जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्न महत्त्वाचा होता. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ पासून, जंगल कामगार सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या. कुपाची तोड मक्तेदाराऐवजी तोडणाऱ्यांच्याच संस्थेस द्यावी, हा त्यांमागील विचार होता. १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळाची स्थापना झाली. या सर्व काळात झाड पाडण्याचे हत्यार बव्हंशी कुऱ्हाड व हातकरवत हेच होते. मजुरी स्वस्त व यंत्र महाग असल्याने साखळी करवतीचा प्रसार पाश्चात्त्य देशांच्या मानाने येथे उशिरा झाला.

शोध व विकास : साखळीवर दाते बसविण्याची कल्पना मूळची शस्त्रवैद्यकातील आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन व जेम्स जेफ्री या स्कॉटिश वैद्यांनी हाडे कापण्यासाठी हाताने ओढावयाची दातेरी साखळी वापरली. १८३० च्या सुमारास जर्मनीतील बर्नहार्ट हाइने यांनी मुठीने फिरविण्याची, पट्टीभोवती साखळी असलेली अस्थिकरवत तयार केली. लाकडासाठी अंतहीन साखळीच्या करवतीचे एकस्व सॅन फ्रॅन्सिस्को येथील सॅम्युएल बेन्स यांना १९०५ मध्ये मिळाले.

प्रत्यक्ष उपयोगाची यंत्रे जर्मनीत निघाली. आंड्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी करवत बनविली. तिचे वजन सु. ६४ किग्रॅ. होते व ती चालविण्यास दोन माणसे लागत. १९२७ मध्ये एमील लेर्प यांनी थुरिंजियातील डोल्मार डोंगरावर पेट्रोल एंजिनाची करवत चालवून दाखविली आणि त्या डोंगराचेच नाव आपल्या यंत्रास दिले. १९२९ मध्ये श्टील यांचेही पेट्रोलवर चालणारे यंत्र आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीहून होणारा पुरवठा थांबल्याने अमेरिका, कॅनडा व ब्रिटन या देशांत अशा करवतींच्या निर्मितीला चालना मिळाली.

युद्धानंतरच्या तीन सुधारणा निर्णायक ठरल्या. पहिली दात्यांची. जुन्या साखळीचे दाते हातकरवतीसारखेच असल्याने ते लवकर बोथट होत. ऑरेगन राज्यातील जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळीचे निरीक्षण केले. ही अळी आपल्या दोन जबड्यांनी डावी-उजवीकडे आळीपाळीने लाकूड कुरतडते, हे पाहून त्यांनी एकाआड एक डावे-उजवे वळलेले रंध्याच्या पात्यासारखे दाते तयार केले व १९४७ मध्ये अशा साखळ्यांचा कारखाना काढला. आजच्या बहुतेक साखळ्या याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. दुसरी सुधारणा कार्ब्युरेटरची. तरंडा असलेले कार्ब्युरेटर यंत्र आडवे करताच बंद पडे. पटलयुक्त कार्ब्युरेटर आल्यावर यंत्र कोणत्याही स्थितीत चालू लागले. तिसरी वजनाची. हलक्या मिश्रधातूंमुळे १९५० च्या सुमारास एका माणसास पेलणारी यंत्रे बाजारात आली. पुढे दंतचक्र एंजिनाच्या दंडास दंतचाकांवाचून थेट जोडण्यात आले. १९६० नंतर कंप शोषणाऱ्या मुठी व १९७० नंतर साखळी रोधक (ब्रेक) यांची भर पडली. अलीकडे लिथियम-आयन विद्युत् घटमालेवर चालणारी यंत्रेही प्रचारात आली आहेत.

रचना व कार्य : सामान्य साखळी करवतीत हवेने थंड होणारे एकसिलिंडरी द्विधाव एंजिन असते. त्याची वेगमर्यादा दर मिनिटास १२,००० ते १४,००० फेऱ्यांपर्यंत असते. द्विधाव एंजिनात वंगणाची वेगळी टाकी नसते. वंगण तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते व तेच दट्ट्या आणि धारवे यांना पोहोचते. एंजिनाचा वेग वाढला, की केंद्रोत्सारी क्लच दंतचक्रास पकडतो व साखळी फिरू लागते. वेग उतरला, की साखळी थांबते. साखळी मार्गदर्शक पट्टीच्या खाचेतून सेकंदास २० मी.पेक्षा अधिक वेगाने धावते. साखळी व पट्टी यांच्या वंगणासाठी तेलाची स्वतंत्र टाकी असते आणि हे तेल पंपाने सतत सोडले जाते.

साखळीच्या प्रत्येक कर्तक कड्यावर दोन भाग असतात : मागील धारदार पाते व पुढील बोथट उंचवटा. पाते लाकडाचा किती जाड तुकडा काढील, हे उंचवटा व पाते यांच्या उंचीतील फरकाने ठरते. हा फरक साधारणपणे ०·६५ मिमी. असतो. तो वाढला, तर साखळी लाकडात अडकून हिसके देते. कमी झाला, तर धार असूनही ती कापत नाही.

निवड : यंत्राची निवड कामावरून करावी, ताकदीच्या आकर्षणावरून नव्हे. बागेतील छाटणी व लहान फांद्यांसाठी सु. ३० ते ३५ घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन व ३० ते ३५ सेंमी. लांबीची पट्टी पुरते. सरपण, बाभूळ व मध्यम खोडांसाठी ४५ ते ५५ घ. सेंमी. क्षमता व ४० ते ४५ सेंमी. पट्टी योग्य ठरते. वड, पिंपळ, वर्षावृक्ष यांसारख्या मोठ्या बुंध्यांसाठी ६० ते ९० घ. सेंमी. एंजिन व त्याहून लांब पट्टी लागते. लहान एंजिनास लांब पट्टी जोडल्यास साखळीचा वेग पडतो, क्लच घसरतो व यंत्र तापते. झाडावर चढून काम करणाऱ्यांसाठी वर मूठ असलेली हलकी यंत्रे असतात. ती स्वस्त व सुटसुटीत वाटली, तरी प्रशिक्षित माणसानेच वापरावयाची असतात. खरेदीपूर्वी साखळी रोधक, चाप-कुलूप, तुटलेली साखळी अडविणारा खुंट व कंपशोषक मुठी आहेत की नाहीत, हे पाहावे. सुटे भाग व दुरुस्ती जवळपास मिळणे हीही तितकीच महत्त्वाची बाब होय.

नाशिकच्या द्राक्षबागांत एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरमधील फळछाटणी ही कामे कात्रीचीच आहेत. तेथे साखळी करवतीची गरज जुनी बाग काढताना वा बांधावरील झाडे छाटतानाच पडते. गवत व झुडपांसाठी फिरत्या पात्याचे वेगळे यंत्र घ्यावे.

चालविण्याची पद्धती : झाड पाडण्यापूर्वी त्याचा कल, फांद्यांचा भार, वारा, विजेच्या तारा व वाळक्या फांद्या यांची पाहणी करतात. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात इतर कोणी असू नये. पडण्याच्या दिशेच्या विरुद्ध बाजूस तिरकी अशी माघारीची वाट आधीच मोकळी करतात. प्रथम ज्या दिशेस झाड पाडावयाचे त्या बाजूस बुंध्याच्या व्यासाच्या सु. एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश खोलीची पाचरीच्या आकाराची खाच घेतात. नंतर मागील बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, दुसरा काप घेतात. दोन्ही काप एकमेकांस मिळू न देता मध्ये व्यासाच्या सु. एक-दशांश जाडीची लाकडाची पट्टी राखतात. ही पट्टी बिजागरीप्रमाणे काम करून झाडास ठरलेल्या दिशेस नेते. ती कापली गेल्यास झाड कोठेही पडू शकते. बहुसंख्य गंभीर चुका येथेच होतात.

दुसरा मोठा धोका उसळीचा होय. पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडास लागल्यास साखळीचा जोर उलटतो व यंत्र निमिषार्धात चालविणाऱ्याच्या चेहऱ्याकडे व खांद्याकडे उसळते. म्हणून यंत्र दोन्ही हातांनी, अंगठा मुठीखाली वळवून धरावे, खांद्याच्या उंचीवर कधीही चालवू नये आणि शिडीवर उभे राहून वापरू नये. शिरस्त्राण, कानांची आवरणे, डोळ्यांपुढील जाळी, पायांसाठी लांब तंतूंचे अस्तर असलेला विजारपट्टा व मजबूत बूट ही साधने आवश्यक आहेत. अस्तराचे तंतू साखळीत गुंतून ती क्षणार्धात थांबते. आपल्याकडे मात्र अनवाणी वा साध्या चपला घालून ही करवत चालविणारे मजूर सर्रास दिसतात.

निगा : धार हा या यंत्राचा प्राण होय. धारदार साखळी लाकडाचे जाडसर तुकडे बाहेर टाकते. बारीक पीठ पडू लागले, की ती बोथट झाली असे समजावे. बोथट साखळीवर जोर दिल्यास पट्टी झिजते, एंजिन तापते व चालविणारा थकतो. सागाच्या लाकडात सिलिका असल्याने त्यावर धार लवकर जाते. खोडातील खिळे व बुंध्याची माती यांनीही तेच होते. धार लावण्यासाठी दात्यांच्या अंतरानुसार ४ ते ५·५ मिमी. व्यासाची गोल कानस वापरतात. बहुतेक साखळ्यांसाठी कानशीचा कोन सु. ३० अंश ठेवतात. सर्व दात्यांची लांबी सारखी राहावी म्हणून प्रत्येक दात्यास सारखेच घास देतात. एका बाजूचे दाते आखूड झाल्यास काप वाकडा जातो. साखळी पट्टीच्या खालच्या कडेस चिकटून बसावी, तरीही हाताने सहज ओढता यावी, एवढाच तिचा ताण ठेवतात. पट्टी अधूनमधून उलटी बसविल्याने तिच्या दोन्ही कडा सारख्या झिजतात.

पेट्रोलमधील तेलाचे प्रमाण निर्मात्याच्या सूचनेनुसार असावे. ५० : १ या प्रमाणासाठी एक लिटर पेट्रोलमध्ये २० मिलि. व २५ : १ साठी ४० मिलि. द्विधाव तेल लागते. तेल विसरल्यास दट्ट्या सिलिंडरमध्ये जखडतो व बहुधा एंजिनच निकामी होते. भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते व रबरी पटलांस बाधते. म्हणून मिश्रण थोडेच करावे, ते महिनोन्‌महिने साठवू नये आणि यंत्र बराच काळ ठेवावयाचे असल्यास टाकी रिकामी करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. हवागाळणी रोज झटकणे, ठिणगी गुडदीच्या अग्रांतील सु. ०·५ मिमी. फट तपासणे व सिलिंडरच्या शीतक पंखांतील भुसा काढणे ही नेहमीची कामे होत.

श्रमिक व आरोग्य : साखळी करवतीचा आवाज १०० डेसिबलहून अधिक असतो. कानांचे संरक्षण नसल्यास कायमचे बधिरत्व येते. दीर्घकाळच्या कंपनामुळे बोटांतील रक्ताभिसरण बिघडून ती थंडीत पांढरी पडतात, मुंग्या येतात व पकड जाते. हा विकार कंपशोषक मुठींनी कमी झाला. पण जुन्या वा निगा न राखलेल्या यंत्रांत तो धोका कायम आहे. कुऱ्हाड चालविणाऱ्यास पाठीचा व खांद्याचा त्रास होई. यंत्राने कष्ट कमी केले, मात्र त्यांच्या जागी धूर, आवाज, कंप व उसळी हे नवे धोके आणले. तोडीचा मोबदला नगावर वा वजनावर ठरत असेल, तर वेग वाढविण्याचा व विश्रांती टाळण्याचा मोह होतो. यंत्र कोणाच्या मालकीचे आहे, यावर वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणास मिळतो हे ठरते. जंगल कामगार संस्थांमागील मूळ प्रश्न हाच होता व यंत्र आल्याने तो संपलेला नाही.

आपत्तीच्या वेळी या यंत्राचा उपयोग निर्विवाद आहे. ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळात हजारो झाडे व विजेचे खांब कोसळले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांनी साखळी करवतींनी रस्ते मोकळे केले. कुऱ्हाडीने हे काम झाले असते, तर कित्येक गावांपर्यंत मदत पोहोचण्यास फार विलंब लागला असता.

कायदे व वृक्षरक्षण : महाराष्ट्रात झाडतोडीवर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाचे व शहरांत १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचे नियंत्रण आहे. दुसऱ्या अधिनियमान्वये वृक्ष अधिकाऱ्याची वा वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते व नागरिकांस हरकती घेता येतात. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून अधिक वयाच्या झाडांस वारसा वृक्षांचा दर्जा दिला. वनांच्या बाबतीत १९८० चा वनसंवर्धन अधिनियम व १२ डिसेंबर १९९६ रोजीचा गोदावर्मन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा आदेश महत्त्वाचे होत.

या सर्व तरतुदींत एक गृहीत दडलेले आहे. ते म्हणजे निर्णय व त्याची अंमलबजावणी यांत काही काळ जातो व त्या काळात दाद मागता येते. साखळी करवतीने हा काळ जवळजवळ नाहीसा केला. मुंबईतील आरे येथे मेट्रो कारशेडसाठी करावयाच्या तोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या. त्याच रात्री यांत्रिक करवतींनी तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगितीचा आदेश दिला, तोवर २,१४१ झाडे पडली होती. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्यातील साधुग्रामासाठी नाशिकच्या तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध मोठे आंदोलन झाले. तोड होण्यापूर्वीच हरकती नोंदविण्याचा नागरिकांचा आग्रह आरेच्या अनुभवानंतर सहज समजण्यासारखा आहे.

कुऱ्हाडीच्या काळी एक मोठा वृक्ष पाडण्यास लागणारा वेळच त्याचे अंशतः रक्षण करीत असे. आता ते रक्षण हत्याराच्या मंदगतीवर सोपविता येत नाही. ते परवानगीच्या चोख पद्धतीवर, चालविणाऱ्याच्या प्रशिक्षणावर आणि तोडीपूर्वी झाडाचे वय, जात व उपयोग पाहण्याच्या शिस्तीवरच अवलंबून राहील.